‘हाताबाहेर गेलेल्या’ मुलाला उपचाराचा किती फायदा होतो?

वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांबद्दल आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. तक्रारी थोड्या असतील तर ‘लहान आहे, मोठा झाला की सुधारेल’ आणि फार असतील तर ‘हा आता हाताबाहेर गेला’. दोन्ही वाक्यांचा व्यवहारातला अर्थ एकच, की काही करायचं नाही. पहिल्यात गरज नाही म्हणून, दुसऱ्यात उपयोग नाही म्हणून.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं गिरीज डोळ्यांसमोर आणा. वाड्या, एकमेकांना लागून असलेली घरं, निम्मी आळी नात्यातली. घरातली कमावती माणसं सकाळी वसई रोड स्टेशन गाठून लोकलनं मुंबईच्या दिशेला जातात, ती रात्रीच परततात. मूल दिवसभर शाळेत आणि आजी-आजोबांकडे. शाळेत झालेली मारामारी आईवडिलांच्या कानावर जाण्याआधी आळीत पोहोचलेली असते. अशा ठिकाणी एखाद्या मुलाला ‘द्वाड’ हे विशेषण एकदा चिकटलं की ते सुटायला फार वेळ लागतो. आणि त्या विशेषणाचा परिणाम फक्त मुलाच्या मनावर होतो असं नाही. मदत कोणाला द्यायची आणि कोणावर वेळ फुकट घालवायचा नाही, हेही त्यावरूनच ठरत जातं. प्रश्न तिथे सुरू होतो.

समजा, गिरीजच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात दोन मुलं आहेत. एक तिसऱ्या बाकावर बसतो. हट्टी आहे, गृहपाठ करत नाही, अधूनमधून ढकलाढकली करतो. दुसऱ्याला बाईंनी मुद्दाम पहिल्या बाकावर, स्वतःच्या नजरेसमोर बसवलंय. तो चावतो, डबे फेकतो, सांगितलेलं उलटंच करतो, घरी आजीवर हात उगारतो. दोघांच्या घरच्यांना ‘स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज’ नावाची प्रश्नावली भरायला दिली. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञानं १९९७ साली प्रसिद्ध केलेली ही पंचवीस प्रश्नांची साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि मराठीतही उपलब्ध आहे. त्यातल्या वीस प्रश्नांवरून अडचणींचे गुण काढतात, शून्य ते चाळीस. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला पंधरा गुण मिळाले, पहिल्या बाकावरच्याला अठ्ठावीस.

आता समुपदेशकाकडे पालकांसाठीच्या वर्गात एकच जागा शिल्लक आहे. ती कोणाला द्याल?

बहुतेकांचं उत्तर तिसऱ्या बाकाकडे झुकेल. त्याचं अजून फार बिघडलेलं नाही, थोड्या प्रयत्नात सुधारेल, जागेचं चीज होईल. दुसऱ्याला ‘आणखी काहीतरी मोठं’ लागेल, असं आपण मनाशी म्हणतो आणि ते मोठं काहीतरी कुठे मिळतं हे कोणीच सांगत नाही. गेल्या चाळीसेक वर्षांतलं संशोधन मात्र सर्वसाधारणपणे पहिल्या बाकाच्या बाजूनं कौल देतं. काही अटींसह. त्या अटीच जास्त महत्त्वाच्या आहेत, त्यांच्याकडे येऊच.

आधी हा ‘पालकांचा वर्ग’ म्हणजे काय ते पाहू. मूल बिघडलंय आणि शिकवणी आईबापाला, हे ऐकून पुष्कळांना राग येतो. पण यात दोष देण्याचा भाग नाही. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञानं आडदांड मुलांच्या घरी जाऊन, तासन्‌तास बसून, कोण कोणाला काय म्हणालं आणि त्यानंतर काय झालं याच्या नोंदी केल्या. त्यातून त्यांना दिसलेलं चक्र आपल्या घरातही रोज फिरत असतं.

रात्रीचे साडेआठ. आई नुकतीच लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचलीये. मुलाच्या हातात मोबाइल. ती म्हणते, ठेव तो आता, जेवायला ये. तो ऐकत नाही. ती आवाज चढवते, तो तिच्याहून मोठ्यानं ओरडतो. ती मोबाइल ओढते, तो जमिनीवर लोळण घेतो, ताटाला लाथ मारतो. आजी म्हणते, दे ना बाई त्याला, निदान चार घास तरी खाईल. आई देते. घरात शांतता होते.

या दोन मिनिटांत दोघंही काहीतरी शिकले. मुलगा शिकला, की ओरडणं पुरत नसेल तर लाथ मारावी. आई शिकली, की माघार घेतली की शांतता मिळते. दोघांनाही बक्षीस मिळालं, त्यामुळे उद्या दोघंही तेच करणार, आणि उद्या मुलाची सुरुवात ओरडण्यापासून न होता लाथेपासून होणार. पॅटरसननी १९८२ साली पुस्तकरूपानं हे सविस्तर मांडलं. पालकांच्या वर्गात हे चक्र मोडायला शिकवतात. रोज दहा-पंधरा मिनिटं मुलाच्या मर्जीनं त्याच्याबरोबर खेळायचं. चांगलं वागला की नेमकं काय चांगलं केलं ते सांगून कौतुक करायचं. आज्ञा कमी द्यायच्या, पण स्पष्ट द्यायच्या. किरकोळ व्रात्यपणाकडे काणाडोळा करायचा. आणि ज्याकडे करायचा नाही त्याचा ठरलेला, छोटा परिणाम दर वेळी न चुकता घडवायचा. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन यांनी तयार केलेला ‘इनक्रेडिबल इयर्स’ हा अशा वर्गांपैकी बराच तपासला गेलेला. दहा-बारा पालक, आठवड्यातून एकदा, साधारण तीन महिने.

युरोपातल्या अनेक देशांमध्ये या वर्गाच्या डझनभर चाचण्या झाल्या. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या फ्रान्सिस गार्डनर, अ‍ॅमस्टरडॅमच्या पॅटी लायटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक किचकट काम केलं. या चाचण्यांचे नुसते निष्कर्ष न घेता त्यांमधल्या प्रत्येक मुलाची मूळ आकडेवारी गोळा केली आणि दीड हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती एकत्र मांडून पाहिली. त्यांचा एक प्रश्न आपल्या दोन बाकांसारखाच होता, की सुरुवातीला ज्यांचं वर्तन जास्त बिघडलेलं होतं त्यांना फायदा कमी झाला की जास्त?

जास्त झाला. सुरुवातीचा त्रास जितका तीव्र, तितका वर्गात गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांमधला फरक मोठा. ज्यांच्या आया स्वतः नैराश्यानं त्रस्त होत्या त्या मुलांनाही अधिक फायदा झाला, हे तर सगळ्यांच्याच अंदाजाच्या उलट होतं. गरीब घरातली आणि सुखवस्तू घरातली मुलं यांच्यात उल्लेखनीय फरक आढळला नाही.

याचं कारण त्या मोबाइलच्या चक्रात शोधता येतं. तिसऱ्या बाकावरच्याच्या घरी ते चक्र आठवड्यातून दोनदा फिरतं, पहिल्या बाकावरच्याच्या घरी दिवसातून दहादा. चक्र मोडण्याचं कौशल्य हातात आलं की ते वापरायची संधी दुसऱ्या घरात कितीतरी पट जास्त. शिवाय ज्याचे गुण मुळात पंधरा आहेत तो खाली येऊन येऊन किती येणार? आणि जिथे रोज रडारड आहे तिथले पालक वर्ग चुकवत नाहीत, घरी दिलेला सराव करतात. हे शेवटचं कारण मला सगळ्यात पटतं, पण चाचण्यांमधून ते वेगळं काढून सिद्ध करणं अवघड आहे.

पालकांच्या वर्गापुरतंच हे खरं असतं तर फार वजन देण्याचं कारण नव्हतं. पण शाळेत चालणाऱ्या उपक्रमांतही तेच चित्र दिसतं. १९६९ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चौथीच्या एका वर्गासाठी एक खेळ तयार झाला. ‘गुड बिहेविअर गेम’ असं त्याचं साधं नाव. वर्गाचे दोन-तीन संघ करायचे, खेळ चालू असेपर्यंत नियम मोडला की त्या संघाच्या नावावर फळ्यावर एक खूण, खुणा ठरलेल्या संख्येपेक्षा कमी राहिल्या की संघ जिंकला. सगळेच संघ जिंकू शकतात. १९८५-८६ मध्ये बाल्टिमोर शहरात पहिलीच्या वर्गांवर शेपर्ड केलम यांनी याची रीतसर चाचणी घेतली आणि मुलं विशीला पोहोचेपर्यंत त्यांचा माग ठेवला. व्यसनं आणि समाजविघातक वर्तन यांत सर्वांत मोठा फरक पडला तो पहिलीत असतानाच सर्वांत आक्रमक ठरलेल्या मुलग्यांमध्ये. शांत मुलांना खेळाचा तोटा झाला नाही, पण फारसा फायदाही दिसला नाही, कारण ती बिघडणार नव्हतीच.

‘फास्ट ट्रॅक’ नावाचा अमेरिकेतला प्रकल्प आणखी मोठा. १९९१ पासून चार ठिकाणच्या सुमारे साडेनऊ हजार बालवाडीतल्या मुलांची पाहणी करून सर्वांत आक्रमक अशी ८९१ मुलं निवडली. निम्म्यांना पहिलीपासून दहावीपर्यंत मदत मिळाली: पालकांचे वर्ग, घरभेटी, वाचनाची शिकवणी, मैत्री कशी करायची याचे धडे. नववीच्या सुमारास तपासलं तेव्हा वर्तनविकाराचं निदान होण्याचं प्रमाण प्रामुख्यानं एकाच गटात घटलेलं होतं. सुरुवातीला ज्यांची गणना सर्वांत धोक्याच्या तीन टक्क्यांत झाली होती, त्या मुलांमध्ये. एका मुलामागे खर्च झाला सुमारे ५८ हजार डॉलर. अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा तो खर्च त्याच गटासाठी परवडणारा ठरला.

इथे थांबून ‘मग बाकीच्यांना मदत देऊच नका’ असं म्हणायचा मोह होईल. तसं म्हणता येत नाही. हीच मुलं पंचवीस वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली. मदत न मिळालेल्यांपैकी ६९ टक्के तरुणांना मानसिक आजार, व्यसन किंवा वर्तनाची एखादी तरी गंभीर अडचण होती. मदत मिळालेल्यांत हे प्रमाण ५९ टक्के होतं. आणि हा फरक मध्यम धोक्याच्या गटातही दिसला. म्हणजे पहिल्या बाकावरच्याचा फायदा लवकर दिसतो, तिसऱ्या बाकावरच्याचा दिसायला कदाचित दहा वर्षं जास्त लागतात. ५९ टक्के हा आकडाही नजरेआड करू नये. दहा वर्षं, इतका पैसा, इतकी माणसं, आणि तरीही निम्म्याहून जास्त तरुणांना काही ना काही त्रास राहिलाच.

आता अटींकडे. मानसशास्त्राची जुनी पुस्तकं वाचलेला कोणी म्हणेल, की आम्ही तर उलटंच शिकलो. ते खोटं नाही. २००६ साली रेनो आणि मॅकग्रा या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा सुरुवातीचा त्रास जास्त असलेल्या मुलांचा निकाल वाईट निघाला होता. एडीएचडी, म्हणजे अतिचंचलतेच्या विकारावर अमेरिकेत ५७९ मुलांची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. तिथेही ज्यांची चंचलता मुळात तीव्र होती आणि ज्यांचे पालक निराश होते, अशी मुलं औषधानं ‘उत्तम’ म्हणण्याइतकी बरी होण्याचं प्रमाण कमी होतं.

मग खरं काय? दोन्ही. कारण प्रश्न दोन आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. मूल कुठे येऊन पोहोचलं, हा एक प्रश्न. उपचारामुळे किती फरक पडला, हा दुसरा. पहिल्या बाकावरचा अठ्ठावीसवरून एकोणीसवर आला आणि तिसऱ्या बाकावरचा पंधरावरून बारावर, असं धरू. शेवटची रेघ पाहाल तर तिसऱ्या बाकावरचा पुढे आहे, आणि शाळेच्या नजरेत पहिल्या बाकावरचा अजूनही ‘तोच’ आहे. एकोणीस गुणांचं मूल त्रासदायकच असतं. पण नऊ गुणांनी खाली येणं म्हणजे आजीवर हात उगारणं थांबणं असू शकतं. ते शाळेला दिसत नाही, घरच्यांना दिसतं.

म्हणून आधी नीट मोजलं नसेल तर नंतर सगळे निराश होतात. तीन महिने वर्गाला गेलो, तरी बाईंची चिठ्ठी आलीच, असं म्हणून पालक सोडून देतात. तीव्र त्रास असलेल्या मुलांच्या बाबतीत मधेच सोडणं हा मोठा धोका आहे, कारण त्यांना वेळही जास्त लागतो.

दुसरी अट आकडेशास्त्रातली आहे, पण ती समजली नाही तर आपण घरात रोज फसतो. फ्रान्सिस गॉल्टन यांना १८८६ साली दिसलं होतं, की फार उंच आईबापांची मुलं उंच असली तरी आईबापांपेक्षा सरासरीच्या जवळ असतात. टोकाची कुठलीही गोष्ट पुढच्या मोजणीत मधल्या पातळीकडे सरकते. वर्तनाचंही तसंच. पालक मुलाला समुपदेशकाकडे नेतात ते सर्वांत वाईट आठवड्यात. परीक्षा आहे, शाळेतून बोलावणं आलंय, घरी भांडण झालंय. त्या दिवशी अठ्ठावीस गुण आले तर दोन आठवड्यांनी, काहीही न करता, चोवीस येऊ शकतात. समुपदेशकाला वाटतं आपल्यामुळे, घरच्यांना वाटतं नवसामुळे. म्हणूनच ज्यांना उपचार मिळाला नाही अशा मुलांचा तुलना गट असल्याशिवाय ‘सर्वांत त्रासदायक मुलं सर्वांत जास्त सुधारली’ या दाव्याला काही किंमत नाही. वर सांगितलेल्या युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या चाचण्यांत तुलना गट होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं टिकतं. जाहिरातीतल्या ‘आधी आणि नंतर’च्या गोष्टी टिकत नाहीत.

पुढे नोबेल मिळालेले डॅनिएल कानमन इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते तेव्हाचा किस्सा ते सांगत. कौतुकाचा उपयोग होतो, असं ते म्हणाले तर एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, माझा अनुभव उलटा आहे. छान कसरत केली म्हणून शाबासकी दिली की पुढची बिघडते, आणि ओरडलं की पुढची सुधारते. प्रशिक्षकानं पाहिलेलं खरं होतं, पण त्यानं लावलेलं कारण चुकीचं होतं. फार चांगल्या कसरतीनंतरची कसरत तशीही जराशी कमी होणार, फार वाईटनंतरची जराशी बरी होणार.

हाच भ्रम आपल्या घरोघरी आहे. मुलगा सर्वांत वाईट वागला त्या दिवशी धपाटा बसला, दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा वागला, आपण ठरवलं की धपाटा लागू पडला. सर्वांत चांगला वागला त्या दिवशी कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारखा, आपण ठरवलं की कौतुक केलं की डोक्यावर बसतो. पिढ्यान्‌पिढ्या ‘छडी लागे’चा अनुभव इतका खरा वाटतो त्यामागे हे गणित आहे. आणि ज्या मुलाचं वागणं सर्वांत जास्त वरखाली होतं, म्हणजे पहिल्या बाकावरच्याचं, त्याच्या बाबतीत हा भ्रम सर्वांत जास्त. मार त्यालाच सर्वांत जास्त बसतो.

तिसरी अट, त्रास किती यापेक्षा कसला. मार्क डॅड्स आणि डेव्हिड हॉज यांनी ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये दाखवलं, की काही आक्रमक मुलांना दुसऱ्याच्या दुःखाचं फारसं काही वाटत नाही; अशा मुलांवर कौतुक-बक्षिसाचा भाग इतरांइतकाच लागू पडतो, पण थोडा वेळ बाजूला बसवण्यासारख्या शिक्षेचा फारसा परिणाम होत नाही. उलट अतिचंचलतेच्या त्या मोठ्या चाचणीत, ज्या मुलांना चंचलतेबरोबर चिंतेचाही त्रास होता त्यांना वर्तनोपचारानं औषधाइतकाच फायदा झाला. बाहेरून दोघंही ‘ऐकत नाहीत’ एवढंच दिसतं. आतलं वेगळं काढायला तज्ज्ञ लागतो आणि प्रश्नावलीच्या एकूण गुणांवरून ते कळत नाही.

आणि एक इशारा, जो शाळांनी भिंतीवर लावावा असा आहे. सगळ्या दंगेखोर मुलांना एकत्र करून त्यांचा वेगळा वर्ग किंवा वेगळं शिबिर घेणं ही सगळ्यांना सुचणारी सोपी युक्ती आहे. अमेरिकेत १९३९ ते १९४५ या काळात केंब्रिज-सॉमरव्हिल इथे पाचशेवर मुलग्यांचा एक प्रकल्प झाला. निम्म्यांना समुपदेशन, शिकवणी, शिबिरं असं सगळं मिळालं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्यांना शोधून काढलं तेव्हा मदत मिळालेल्यांची अवस्था काही बाबतींत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. पुढे थॉमस डिशन यांच्याबरोबर केलेल्या १९९९ च्या मांडणीत एक धागा सापडला: उन्हाळी शिबिरांना पुन्हा पुन्हा गेलेल्यांचं नुकसान झालं होतं. बिघडलेली मुलं एकमेकांच्या बढायांना हसून दाद देत होती, आणि ती दाद कुठल्याही समुपदेशकाच्या शब्दापेक्षा गोड होती. पहिल्या बाकावरच्याला मदत द्यायची, पण त्याच्याचसारख्या नऊ जणांबरोबर कोंडून नाही. बाल्टिमोरच्या खेळात आक्रमक मुलं शांत मुलांच्याच संघात होती, हे विसरू नये.

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे काय? आपल्याकडे सुरुवात उशिरा झाली असं नाही. मुंबईत नागपाड्याला १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस सुरू झाली आणि १९३७ मध्ये तिच्याशी जोडून भारतातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र. पुढे ठाण्यात १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आणि मुंबईत २००१ मध्ये उम्मीद उभी राहिली. पण गिरीजहून तिथे जाणं म्हणजे आठवड्यातला एक दिवस आणि एका दिवसाची रजा. सर्वांत तीव्र त्रास असलेल्या मुलाला घेऊन गर्दीची लोकल पकडणं काय असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. ज्याला गरज सर्वांत जास्त त्यालाच पोहोचणं सर्वांत कठीण.

पालघरशी तर या विषयाचं एक खास नातं आहे. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच सुरू झाला. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. या कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी होते. मूळच्या तीस आजारांच्या यादीत आत्ममग्नता, अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता आहेत. ‘मारतो, ऐकत नाही’ या तक्रारीला वेगळा रकाना नाही, आणि विनाअनुदानित शाळेतलं मूल यात येतच नाही. तरीही अनुदानित शाळेत मूल असेल तर तपासणी पथक येईल त्या दिवशी बाईंनी आणि पालकांनी ही तक्रार स्वतःहून मांडावी. विचारल्याशिवाय ती निघत नाही.

तज्ज्ञांची टंचाई आहे म्हणून हात बांधलेले नाहीत, हे गोव्याच्या ‘संगत’ संस्थेनं दाखवलं आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या २५१ विद्यार्थ्यांवर चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रश्नावलीत ठरावीक पातळीच्या वर गुण असलेलीच मुलं घेतली. निम्म्यांना समस्या कशी सोडवायची हे सांगणाऱ्या पुस्तिका नुसत्या दिल्या, निम्म्यांबरोबर त्याच पुस्तिका घेऊन प्रशिक्षित पण पदवीधर तज्ज्ञ नसलेले समुपदेशक काही वेळा बसले. सहा आठवड्यांनी, मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी समुपदेशकवाल्या गटात जास्त कमी झाल्या. प्रश्नावलीच्या एकूण गुणांत मात्र खात्रीलायक फरक आढळला नाही. पुन्हा तेच: काय मोजलं त्यावर उत्तर ठरतं.

गिरीजमधल्या पालकांनी आता काय करावं? धावत कुठेही जाण्याआधी दोन आठवडे वहीत नोंद करावी. रोज किती वेळा मारलं, किती वेळा फेकाफेक केली, एवढंच. सर्वांत वाईट दिवसाची गोष्ट नको, सगळ्या दिवसांचे आकडे हवेत. तज्ज्ञाकडे जाताना ती वही न्यावी. मूल स्वतःला किंवा प्राण्यांना इजा करत असेल, आगीशी खेळत असेल, किंवा चांगलं वागणारं मूल अचानक बदललं असेल तर दोन आठवडेही थांबू नये. अचानक बदलामागे कोणीतरी केलेला छळही असू शकतो. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर सरकारी समुपदेशक मोफत आणि मराठीतही बोलतात. शाळा मूल काढून न्या म्हणत असेल तर शिक्षण हक्क कायदा लागू असलेल्या शाळेला आठवीपर्यंत तसं करता येत नाही, आणि मारताही येत नाही, हे माहीत असू द्यावं.

तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या पालकांनी जागा गेली म्हणून हिरमुसू नये. त्यांच्यासाठी रोजची दहा मिनिटं खेळ आणि कमी पण पक्क्या आज्ञा एवढ्यानंही पुष्कळदा भागतं. तीन महिन्यांनी दोघांचीही तीच प्रश्नावली पुन्हा भरावी, आणि भरणारी व्यक्तीही तीच असावी. पहिल्यांदा आजीनं भरली असेल तर दुसऱ्यांदाही आजीनंच. आजीचे गुण आणि बाईंचे गुण सहसा जुळत नाहीत.